दुखेपर्यंत का थांबायचे?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि दातांचे बहुतेक दवाखाने बंद झाले. १९ मे २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दंतवैद्यांसाठी सूचना काढल्या: तातडीचे उपचार करावेत, नेहमीची कामे पुढे ढकलावीत. असे का?

दात कोरणारे यंत्र मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेते. दात तापू नये म्हणून त्यावर पाण्याचा फवारा सोडतात. या पाण्यात लाळ मिसळते आणि तुषार हवेत उडतात. मोठे थेंब लगेच खाली बसतात. काही मायक्रोमीटरचे कण मात्र बंद खोलीत बराच वेळ तरंगतात. शिवाय रुग्णाला तोंड झाकता येत नाही. म्हणून खेळती हवा, तुषार जागीच ओढून घेणारी नळी, दोन रुग्णांमध्ये पुरेसा वेळ अशी खबरदारी घेत नेहमीचे काम हळूहळू सुरू झाले.

दवाखाना बंद असला तरी तोंडातले रसायनशास्त्र थांबत नाही. जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात. सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला की दातावरचे इनॅमल विरघळू लागते. लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट ही झीज काही अंशी भरून काढतात. झीज वरचढ ठरली की खड्डा पडतो. इनॅमलमध्ये मज्जातंतू नसतात, म्हणून सुरुवातीला काहीच दुखत नाही. ठणका लागतो तो कीड खोलवर पोचल्यावर. म्हणजे ‘दुखेल तेव्हा बघू’ हा नियम साथीत अपरिहार्य असला, तरी दातांच्या दृष्टीने तो उशिराचाच.

१ एप्रिल २०२२ पासून राज्यातील निर्बंध उठले. पण बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबांचे काय? दिवाळीच्या सुमारास ती गाव सोडतात, ती गळीत हंगाम संपल्यावर परततात. त्यांच्याबरोबर फडावर जाणाऱ्या मुलांसाठी ‘दुखेल तेव्हा’ हा नियम साथीने आणला नव्हता. त्यामुळे तो साथीबरोबर गेलाही नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते आणि त्याच्या तपासणीत दातही असतात. मात्र पथक आले त्या दिवशी मूल फडावर असेल तर ते निसटते. अशा मुलांची यादी आपण शिक्षकच ठेवू शकतो. ती परतली की उजेडात त्यांचे दात पाहावेत. हिरडीलगत पांढुरके निस्तेज डाग किंवा काळे खड्डे दिसले तर सरकारी रुग्णालयाच्या दंतविभागात पाठवावे. डागाच्या अवस्थेत फ्लोराइडयुक्त पेस्ट आणि गोडावर लगाम यांनी कीड बहुधा थोपवता येते. खड्डा मात्र आपोआप भरत नाही.