मनोरा नसलेल्या विमानतळावर विमाने एकमेकांना कशी चुकवतात?

18 ऑगस्ट 2022. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातले वॉटसनव्हिल विमानतळ. दुपारी तीनच्या सुमारास एक छोटे सेसना 152 आणि दोन इंजिनांचे, बरेच वेगवान सेसना 340 एकाच धावपट्टीकडे येत होते. दोन्ही वैमानिक एकाच रेडिओ फ्रिक्वेन्सीवर आपापली जागा सांगत होते. तरीही उतरायला काही क्षण उरले असताना विमाने एकमेकांवर आदळली आणि तिघांचा मृत्यू झाला. बोलणे चालू असताना टक्कर झाली कशी?

सर्किट म्हणजे काय?

वॉटसनव्हिलला नियंत्रण मनोरा नाही. अमेरिकेतील बहुतेक छोट्या विमानतळांवर तो नसतोच. आधी कोणी उतरायचे हे सांगणारे कोणी नसल्याने वैमानिकांनाच ते आपसांत ठरवावे लागते. त्यासाठी धावपट्टीभोवती एक आयताकृती मार्ग ठरलेला असतो, तो म्हणजे सर्किट. विमान साधारण 1,000 फूट उंचीवरून धावपट्टीला समांतर, पण उतरण्याच्या उलट दिशेने जाते. हा टप्पा डाउनविंड. मग काटकोनात वळले की बेस आणि पुन्हा वळून धावपट्टीसमोर आले की फायनल. वेगळी सूचना नसेल तर सगळी वळणे डावीकडे. सगळे याच वाटेने आले, तर दुसरे विमान आकाशात नेमके कुठे शोधायचे हे प्रत्येकाला कळते.

मग चुकले कुठे?

सेसना 152 सर्किटमधून येत होते, तर सेसना 340 दुरून थेट फायनलवर. असे थेट येण्यास बंदी नाही. मात्र त्यामुळे सर्किटमधल्या विमानांना अडथळा होऊ नये, असे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचे (एफएए) मार्गदर्शन आहे. फायनलवरील विमानाला प्राधान्य असते, पण त्याचा आधार घेऊन दुसऱ्याच्या पुढे घुसता येत नाही.

दुसरा मुद्दा वेगाचा. सेसना 340 सुमारे 180 नॉट, म्हणजे ताशी 333 किलोमीटर वेगाने येत होते. उतरताना या विमानाचा वेग एरवी याहून खूप कमी असतो. 180 नॉटला एक सागरी मैल अवघ्या 20 सेकंदांत संपतो. समोरचे विमान दिसणे, धोका ओळखणे, निर्णय घेणे आणि आपले विमान प्रत्यक्ष वळणे याला एकूण साधारण 12.5 सेकंद लागतात, असे एफएएचे मार्गदर्शन सांगते. म्हणजे नजरेला पडायला थोडा जरी उशीर झाला, तरी हातात काही उरत नाही.

सेसना 152च्या वैमानिकाने दुसरे विमान फार वेगाने येत असल्याचे पाहिले आणि उतरणे सोडून पुन्हा वर जात असल्याचे रेडिओवर सांगितले. तोवर उशीर झाला होता. सेसना 340च्या वैमानिकाने दुसरे विमान पाहून टाळले नाही, हे अपघाताचे कारण तपास संस्थेने नोंदवले.

डोळे का फसतात?

आपली नजर हलणाऱ्या वस्तूवर पटकन जाते. पण टकरीच्या मार्गावरचे विमान काचेत एकाच जागी स्थिर दिसते. ते बराच वेळ ठिपक्याएवढे राहते आणि शेवटच्या काही सेकंदांत अचानक मोठे होते. त्यात पंखांची आडकाठी. सेसना 152चे पंख केबिनच्या वर असल्याने वरचे दिसत नाही. सेसना 340चे खाली असल्याने खालचे दिसत नाही.

वैमानिकांनी काय करायचे?

साधारण 10 मैलांवरून घोषणा सुरू करायची, वेग वेळीच कमी करायचा आणि सर्किटमध्ये आधीपासून असलेल्यांच्या रांगेत सामील व्हायचे. रेडिओवर शांतता आहे म्हणून आकाश मोकळे आहे, असे धरायचे नाही. अशा ठिकाणी काही विमानांत रेडिओ नसतोही. आणि ज्याचा आवाज ऐकला ते विमान दिसत नसेल, तर उतरायचा हट्ट सोडून बाजूला व्हायचे. पुन्हा एक फेरी मारायला फार तर काही मिनिटे लागतात.