पादुआ : पंधरा मिनिटांचे दर्शन

इटलीस जाण्याचा योग आला, तर व्हेनिसहून आगगाडीने सुमारे अर्ध्या तासावर असलेल्या पादुआसाठी एक दिवस राखून ठेवा.

तेथील स्क्रोवेन्यी चॅपेल बाहेरून विटांची साधी वास्तू दिसते. आतील भिंती जोत्तोने १३०५च्या सुमारास रंगविल्या. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर लावलेला रंग गिलाव्यातच पक्का होतो, हेच फ्रेस्को. त्याला बाधते ती दमट हवा आणि धूळ, म्हणजे आपलाच श्वास, घाम आणि कपडे. म्हणून आधी वेळ ठरवून लहान गटानेच आत जावे लागते. काचेच्या बंद खोलीत पंधरा मिनिटे बसवून हवा शुद्ध करतात, मग साधारण तेवढाच वेळ दर्शन मिळते.

त्या वेळात येशूच्या मृतदेहाभोवतीचा शोक अवश्य पाहा. पुढे बसलेल्या दोन स्त्रिया आपल्याकडे पाठ करून आहेत. चेहरे दिसत नाहीत. वाकलेल्या पाठीच दुःख सांगतात. रोगी तोंडाने बोलण्याआधी त्याचे बसणे पाहण्याची सवय असलेल्या माझ्यासारख्या डॉक्टरला ते चटकन उमगले.

मग शेजारच्या एरेमितानी चर्चमध्ये जा. ११ मार्च १९४४च्या बाँबहल्ल्यात तेथील मान्तेन्याच्या बहुतेक चित्रांचा चुरा झाला. वेचलेले तुकडे जुन्या छायाचित्रांच्या आधारे पुन्हा भिंतीवर बसविले आहेत. मधल्या जागी हरवलेल्या चित्राची कृष्णधवल छायाचित्रे दिसतात.

जोत्तोच्या भिंती त्या दिवशी थोडक्यात वाचल्या. काचेच्या खोलीत बसण्याचा कंटाळा आला, तर एवढे आठवा.