वीस रुपयांची टिप, सतरा रुपयांचा खोळंबा

जुलैतल्या एका पावसाळी रात्री आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, "टिप देऊन या मुलांना सवयी लावू नका." निमित्त साधंच होतं. बी विंगची लिफ्ट बंद होती, एक डिलिव्हरीवाला मुलगा चिंब भिजून पाच मजले चढून आला होता आणि पाचव्या मजल्यावरच्या वहिनींनी त्याच्या हातावर पन्नासची नोट ठेवली होती. हे त्यांनी कौतुकाने ग्रुपवर टाकलं आणि वाद पेटला. एक म्हणाले, टिप कंपनीच खाते. दुसरे म्हणाले, अमेरिकेत वीस टक्के देतात, आपणच कंजूस. तिसऱ्यांच्या भाच्याचा मित्र म्हणे यातून महिन्याला पन्नास हजार कमावतो. मीही मागे राहिलो नाही. "डिलिव्हरी फी भरतो ना आपण? ती त्यालाच जाते," असं ठोकून दिलं.

दुसऱ्या दिवशी शांतपणे तपासलं, तेव्हा कळलं की त्या रात्री आम्ही जवळजवळ सगळेच चुकत होतो. मीसुद्धा.

आधी शब्दाबद्दल. शुद्धलेखनाच्या नियमाने 'टीप' दीर्घ लिहायला हवी, पण दीर्घ टीप एकतर पानाच्या तळाशी असते, नाहीतर पोलिसांना मिळते. म्हणून इथे ऱ्हस्वच ठेवतो.

"डिलिव्हरी फी भरली, म्हणजे त्याचे पैसे दिले"

हे माझं वाक्य, म्हणून पहिला मान त्याला. ॲपवरचं बिल उघडून पाहा. पदार्थांची किंमत, हॉटेलचं पॅकिंग, डिलिव्हरी फी, प्लॅटफॉर्म फी आणि जीएसटी. यातली प्लॅटफॉर्म फी सरळसरळ कंपनीची. २०२३ मध्ये ती दोन रुपयांनी सुरू झाली आणि बघता बघता दोन आकडी झाली. डिलिव्हरी फीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी लागतो, तो सरकारचा. राहिली खुद्द डिलिव्हरी फी. ती आपण कंपनीला देतो. रायडरला किती द्यायचे हे कंपनी वेगळ्या हिशेबाने ठरवते: अंतर किती, वेळ कोणती, भाग कोणता, गर्दी किती, दिवसभरात ठरावीक ऑर्डर पूर्ण झाल्या तर वर इन्सेन्टिव्ह किती. बिलातली ओळ आणि त्याच्या खात्यात पडणारी रक्कम एकमेकींना बांधलेल्या नसतात. ज्यांनी मेंबरशिप घेतली आहे त्यांना डिलिव्हरी 'फ्री' दिसते. पण त्या ऑर्डरचेही पैसे रायडरला मिळतातच. फी शून्य म्हणजे त्याचं काम फुकट नव्हे, आणि फी साठ म्हणजे त्याच्या हातात साठ नव्हेत.

"ॲपवर दिलेली टिप कंपनीच खाते"

हा संशय हवेतून आलेला नाही. तो अमेरिकेतून आला आणि तिथे तो खरा निघाला होता. डोअरडॅश ही तिथली मोठी डिलिव्हरी कंपनी. तिची २०१९ पर्यंतची पद्धत अशी: समजा एका ऑर्डरमागे रायडरला सात डॉलरची हमी आहे. तुम्ही टिप दिली नाहीत, तर कंपनी सगळे सात स्वतःच्या खिशातून देणार. तुम्ही तीन डॉलर टिप दिलीत, तर कंपनी चारच देणार. रायडरला दोन्ही वेळी सातच. तुमची टिप त्याच्याकडे पोचली, हे कागदोपत्री खरं, पण वाचले कंपनीचे पैसे. ओरड झाली, पद्धत बदलावी लागली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलशी झालेल्या तडजोडीत कंपनीने १ कोटी ६७.५ लाख डॉलर मोजायचं मान्य केलं. त्याआधी २०२१ मध्ये ॲमेझॉनच्या 'फ्लेक्स' चालकांच्या अडवलेल्या टिप्सचं प्रकरण ६ कोटी १७ लाख डॉलरना मिटलं होतं.

तेव्हा प्रश्न विचारण्यात चूक काहीच नाही. फक्त "पूर्ण टिप मिळते का?" एवढ्यावर थांबू नये. "टिप मिळाली म्हणून मूळ मोबदला कमी होतो का?" हा खरा प्रश्न.

आपल्याकडे २५ आणि ३१ डिसेंबर २०२५ ला गिग कामगारांनी संप पुकारला. त्यानंतर जानेवारीत झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी काही आकडे जाहीर केले. त्यांच्या म्हणण्यानुसार टिप संपूर्णपणे, कपात न करता रायडरला जाते. २०२५ मध्ये रायडरची सरासरी कमाई तासाला १०२ रुपये होती आणि तीही टिप न धरता. टिप तासाला सरासरी २ रुपये ६० पैसे. झोमॅटोच्या साधारण पाच टक्के ऑर्डरवरच टिप पडते. किराणा आणणाऱ्या ब्लिंकिटवर त्याहूनही कमी.

हे कंपनीने दिलेले आकडे आहेत आणि कामगार संघटनांना ते मान्य नाहीत, हे लक्षात ठेवू. पण ते जसेच्या तसे धरले तरी आमच्या काकांच्या वाक्याचं काय होतं बघा. वीस ऑर्डरींपैकी एकीला टिप. शंभर रुपयांच्या कमाईला जोड अडीच रुपयांची. एवढ्याने कुणाला सवय लागत असेल, तर ती न मिळण्याची.

"महिन्याला पन्नास हजार कमावतात"

तासाला १०२ रुपये, दिवसाला दहा तास, महिन्याला सव्वीस दिवस: साडेसव्वीस हजार. त्यातून पेट्रोल आणि गाडीची देखभाल वजा करा. कंपनीच्याच अंदाजाने हा खर्च कमाईच्या वीस टक्के. हातात उरतात एकवीस हजारांच्या आसपास. गाडीचा हप्ता, मोबाइलचा डेटा आणि कमरेचं दुखणं यात धरलेलं नाही. दिवाळीच्या आठवड्यात चौदा-चौदा तास लॉगिन राहून एखादा जास्त कमावतही असेल. भाच्याचा मित्र बहुधा त्याच आठवड्याबद्दल बोलत असावा.

ग्रुपवर एकाने "टिपवर टॅक्स भरतात का हे लोक?" असंही विचारलं होतं. वर्षाचे सव्वातीन लाखसुद्धा न होणाऱ्या माणसाला, बारा लाखांपर्यंत प्राप्तिकर लागत नाही अशा वर्षात! मी उत्तर दिलं नाही.

या आकड्यांकडे बघताना दुसरा गैरसमज होऊ शकतो, आणि तो जास्त गोड असतो: आपण टिप देऊन त्यांचं आयुष्य सुधारतो. नाही सुधारत. रायडर कंपनीचा नोकर नसतो, 'पार्टनर' असतो. म्हणजे भविष्यनिर्वाह निधी नाही, भरपगारी रजा नाही, आणि आयडी बंद झाला की दाद मागायला ॲपमधला चॅट. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०२०-२१ मधल्या गिग कामगारांचा अंदाज ७७ लाखांचा होता, तो २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाखांवर जाईल असं म्हटलं होतं. सामाजिक सुरक्षा संहिता संसदेत २०२० ला मंजूर झाली आणि लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या कामगारांच्या निधीत भरावी, अशी तिच्यात तरतूद आहे. राजस्थानने २०२३ मध्येच स्वतःचा कायदा केला. विमा, अपघाताची भरपाई, म्हातारपण या गोष्टी तिथून यायच्या आहेत. आपल्या वीस रुपयांकडून ती अपेक्षा करणं म्हणजे कंपनीला आणि सरकारला सूट देणं.

"अमेरिकेत वीस टक्के देतात"

देतात, पण का देतात ते पाहा. तिथे हॉटेलातल्या वेटरसारख्या 'टिप मिळणाऱ्या' कामगाराला मालकाने द्यायचं केंद्रीय किमान वेतन तासाला २ डॉलर १३ सेंट आहे आणि ते १९९१ पासून तिथेच अडकलं आहे. उरलेलं गिऱ्हाइकाने भरायचं. बऱ्याच राज्यांनी आकडा वाढवला, पण टक्केवारीची सवय देशभर मुरली आणि हॉटेलातून डिलिव्हरीतही शिरली. आपण ती उचलण्यात अर्थ नाही. बाराशेची बिर्याणी आणि दीडशेची मिसळ एकाच पिशवीत, त्याच जिन्याने, त्याच पायांनी वर येतात. मिसळीची पिशवी तर तर्री सांडू नये म्हणून जास्तच जपावी लागते. टिप द्यायचीच तर बिलाकडे बघून कशाला, बाहेरच्या पावसाकडे, घड्याळाकडे आणि मजल्याकडे बघून द्यावी.

आणि "आपल्याकडे ही पद्धतच नव्हती" हेही खरं नाही. दिवाळीची पोस्त विसरलो का आपण? पोस्टमन, पेपरवाला, कचरा नेणाऱ्या मावशी, वॉचमन यांना दिवाळीत पोस्त द्यायची हे घरोघरी ठरलेलं असायचं. मुंबईचे डबेवाले दिवाळीत एका महिन्याचे जादा पैसे घेतात आणि गिऱ्हाइकं बिनबोभाट देतात. फरक एवढाच की पोस्तीला ओळख लागायची. वर्षभर तोच माणूस दारात यायचा, आजीला त्याचं गाव ठाऊक असायचं. ॲपने रोज नवा माणूस पाठवला आणि पोस्त द्यायला कुणी उरलंच नाही. ॲपवरचं टिपचं बटण त्या जागी आलं आहे, जरा रुक्षपणे.

"टिप दिली की लवकर येतं"

तुमची ऑर्डर कधी येणार हे मुख्यतः हॉटेलच्या स्वयंपाकघरावर आणि सिग्नलवर ठरतं. टॅक्सीच्या बाबतीत मात्र हा खेळ उघड झाला होता. गाडी लवकर मिळावी म्हणून आधीच टिप कबूल करा, असं सुचवल्याबद्दल मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने उबरला नोटीस काढली. काम होण्याआधी मागितलेले पैसे ही टिप नव्हे, बोली झाली. अमेरिकेत याची उलटी बाजूही दिसली: ऑर्डर देताना मोठी टिप दाखवायची आणि सामान दारात आलं की ॲपमध्ये जाऊन ती कमी करायची. करोनाच्या दिवसांत हे प्रकार इतके झाले की त्याला वेगळं नाव पडलं.

आपल्या ॲपवर ऑर्डर देतानाच टिपचे आकडे समोर येतात आणि खाली 'पुढच्या ऑर्डरलाही' अशा अर्थाचा एक चौकोन असतो. आपण त्यावर खूण केली आहे का, ते एकदा बघून घ्या. द्यायची असेल तर समजून द्यावी. टिप देणं कुठेच बंधनकारक नाही. हॉटेलांनासुद्धा सर्व्हिस चार्ज सक्तीने लावता येत नाही, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये दिला आहे.

रोख द्यावी की ॲपवर? रोखीने घेतलेल्या ऑर्डरचे पैसे त्याला कंपनीकडे भरावे लागतात, वरची सुटी नोट त्याची. ती लगेच खिशात जाते आणि पुढच्या चहाला उपयोगी पडते. दोन्ही चालतं. "सुटे नाहीत, ठेव तुलाच" असं उपकाराच्या सुरात मात्र म्हणू नये. "दादा, हे चहाला" पुरतं.

आता त्या मुलाच्या वेळेकडे येतो, कारण या सगळ्या चर्चेत नेमकी तीच कुणी मोजली नव्हती. तासाला १०२ म्हणजे मिनिटाला १ रुपया ७० पैसे. आमच्या सोसायटीत रायडर आला की गेटवर गाडी लावतो, वहीत नाव-नंबर लिहितो, वॉचमन फ्लॅटला फोन करतो, फ्लॅटवाले फोन उचलत नाहीत. मग फाटक उघडतं, रहिवाशांच्या लिफ्टने जायचं नाही म्हणून तो मालवाहू लिफ्टची वाट बघतो आणि वर आल्यावर कळतं की ॲपमधला पत्ता जुन्या भाड्याच्या घराचा आहे, विंग वेगळी. सहज दहा मिनिटं. सतरा रुपये. या थांबण्याचे त्याला वेगळे पैसे मिळत नाहीत, पुढची ऑर्डर मात्र तेवढी लांबते. हिशेब ढोबळ आहे, पण शेवटी हसतमुखाने दिलेल्या वीस रुपयांतून त्याच्या पदरात नेमके किती पडले ते त्यावरून कळतं. तीन.

त्याउलट पत्त्यावर पिन नीट लावणं, फोन उचलणं, जेवण थंड निघालं तर रेटिंग हॉटेलचं कमी करणं आणि त्याचं न करणं, यांना काहीच पैसे पडत नाहीत. रेटिंग खाली गेलं तर त्याचा जाब त्याच्याकडेच मागितला जातो.

हे मी आकडेमोडीसकट ग्रुपवर टाकलं. पन्नासची नोट देणाऱ्या वहिनींनी अंगठा दाखवला. काकांनी लिहिलं, "सतरा रुपये? कसे काय?" आणि मग स्वतःच मोबाइल घेऊन संध्याकाळी गेटवर उभे राहिले. त्यांच्या मोजणीत बी विंगसाठी साडेअकरा मिनिटं आली. रविवारच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेत त्यांनी मुद्दा घातला आहे: सहा, मालवाहू लिफ्टचा नियम. पाचवा मुद्दा पार्किंगचा आहे, त्यामुळे सहावा येईलच याची खात्री नाही.