स्पंज लोह

स्पंज लोह : लोहाच्या ऑक्साइडी धातुकातील (कच्च्या खनिजातील) ऑक्सिजन, धातुक न वितळविता, घन अवस्थेतच काढून घेतल्यावर मागे राहणारा सच्छिद्र धातू. निघून गेलेल्या ऑक्सिजनाच्या जागी सूक्ष्म छिद्रे राहतात. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली हा धातू स्पंजासारखा दिसतो व त्यावरून त्याला हे नाव पडले. तो मिळविण्याच्या पद्धतीस प्रत्यक्ष क्षपण म्हणतात. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर साळाव (ता. मुरूड) व डोलवी (ता. पेण) येथे नैसर्गिक वायूच्या साहाय्याने स्पंज लोह तयार करणारे मोठे कारखाने उभारण्यात आले. या भागात लोहधातुकाच्या मोठ्या खाणी नाहीत व दगडी कोळसाही नाही. तरीही हे कारखाने येथे का आले, याचे उत्तर क्षपणाच्या रसायनशास्त्रात सापडते.

तत्त्व : शुद्ध हीमॅटाइटात वजनी सु. ७०% लोह व ३०% ऑक्सिजन असतो. हा ऑक्सिजन काढून घेण्याच्या क्रियेला क्षपण व तो काढून घेणाऱ्या पदार्थाला क्षपणक म्हणतात. कार्बन, कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन हे लोहाचे नेहमीचे क्षपणक होत. क्षपण टप्प्याटप्प्याने होते : हीमॅटाइटाचे प्रथम मॅग्नेटाइट, नंतर फेरस ऑक्साइड व शेवटी धातुरूप लोह बनते. कार्बन मोनॉक्साइडाने ऑक्सिजन घेतला की कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो, तर हायड्रोजनाने घेतला की पाण्याची वाफ तयार होते.

झोतभट्टीत कोक तीन कामे करतो : जळून उष्णता देतो, क्षपणक वायू पुरवितो आणि भट्टीतील भाराला आधार देतो. त्यासाठी विशिष्ट प्रतीच्या दगडी कोळशापासून केलेला कणखर कोक लागतो. या भट्टीत लोह वितळते, कोकमधील कार्बन शोषून घेते व सु. ४% कार्बन असलेला लोहरस मिळतो. पोलाद करण्यासाठी हा जादा कार्बन पुन्हा जाळून काढावा लागतो. वस्तुतः क्षपणासाठी लोह वितळणे आवश्यक नाही. लोहाचा वितळबिंदू १,५००° से. च्या वर आहे. परंतु क्षपण ८००° ते ९००° से. तापमानास चांगले होते. मात्र धातुक न वितळल्यामुळे त्यातील सिलिका, ॲल्युमिना इ. मलद्रव्ये धातुमळीच्या रूपाने वेगळी होत नाहीत, ती स्पंज लोहातच राहतात. म्हणून या पद्धतीस उच्च प्रतीचे धातुक किंवा त्याच्या भाजलेल्या गोळ्या (पेलेट) वापराव्या लागतात.

पूर्वीची पद्धत : हे तत्त्व नवे नाही. झोतभट्टीपूर्वी सर्वत्र लोखंड याच तत्त्वाने होत असे. सह्याद्रीत महाबळेश्वरच्या परिसरात धावड लोक जांभ्या दगडातील लोहधातुक लाकडी कोळशाबरोबर लहान भट्टीत घालून भात्याने वारा देत. भट्टीत लोखंड वितळत नसे. मळीमिश्रित स्पंजासारखा गोळा मिळे व तो तापवून घणाने ठोकून मळी काढीत. हा धंदा जंगलावर अवलंबून होता. लाकडी कोळसा दुर्मिळ झाल्यावर व परदेशी लोखंड स्वस्त मिळू लागल्यावर तो नामशेष झाला.

वायुक्षपण : आधुनिक पद्धतीत उभ्या भट्टीत वरून धातुक सोडतात व खालून तप्त क्षपणक वायू वर जातो. हा वायू नैसर्गिक वायूपासून करतात. नैसर्गिक वायूतील मिथेनाची वाफ किंवा कार्बन डाय-ऑक्साइड यांच्याशी निकेलयुक्त उत्प्रेरकाच्या सान्निध्यात विक्रिया घडवून आणली, की हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइड यांचे मिश्रण मिळते. मेक्सिकोत १९५७ मध्ये व्यापारी प्रमाणावर सुरू झालेली ‘एचवायएल’ व अमेरिकेत १९६९ मध्ये सुरू झालेली ‘मिड्रेक्स’ या दोन पद्धती प्रमुख आहेत. भट्टीतून बाहेर पडणारा वायू स्वच्छ करून त्याचा बराचसा भाग पुन्हा वापरतात. तयार मालातील ९०% हून अधिक लोह धातुरूप असते.

स्पंज लोहातील छिद्रांमुळे त्याचा हवेशी संपर्क येणारा पृष्ठभाग फार मोठा असतो. ते ओलसर झाले, विशेषतः खाऱ्या पाण्याने भिजले, तर पुन्हा ऑक्सिडीभूत होऊन तापते व हायड्रोजन बाहेर पडतो. त्यामुळे जहाजाच्या बंद तळघरात ते धोकादायक ठरते. हा धोका कमी करण्यासाठी ते सु. ६५०° से. तापमानास दाबून त्याच्या घट्ट विटा बनवितात. त्यांची घनता दर घ. सेंमी. ला ५ ग्रॅ. हून अधिक असते.

रायगड किनारा : मुंबई हाय तेलक्षेत्र १९७४ मध्ये सापडले व तेथील नैसर्गिक वायू समुद्राखालील नळाने उरण येथे आणण्यात आला. तेथून नळ दक्षिणेकडे थळ व उसर येथे गेले. थळ येथील खत कारखान्यात मिथेनातील हायड्रोजन अमोनियासाठी वापरला जातो. साळावला तोच हायड्रोजन लोहधातुकातील ऑक्सिजन काढून घेण्यासाठी वापरात आला. कुंडलिकेच्या मुखाशी, रेवदंड्यासमोर, ‘विक्रम इस्पात’ हा कारखाना १९९३ मध्ये ‘एचवायएल-३’ पद्धतीने सुरू झाला. तप्त दाबविटा हे त्याचे उत्पादन होते. अंबा नदीकाठी डोलवी येथे ‘मिड्रेक्स’ पद्धतीचा कारखाना १९९४ मध्ये सुरू झाला. धरमतर खाडीमुळे तेथे धातुक जलमार्गाने आणता येते. दोन्ही ठिकाणी वायू नळाने व धातुक पाण्यावरून, अशी व्यवस्था होती. डोलवीचा कारखाना २०१० मध्ये व साळावचा २०१४ मध्ये जेएसडब्ल्यू समूहाकडे गेला.

एका क्षपणकावर विसंबण्याचा धोकाही येथेच दिसून आला. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूचे उत्पादन घटल्यावर २०११ मध्ये खत, वीज इ. क्षेत्रांना अग्रक्रम देण्यात आला व स्पंज लोह उद्योगाचा त्या वायूचा पुरवठा थांबला. आयात केलेला द्रवरूप वायू महाग पडतो. डोलवीस मात्र पुढे झोतभट्टीही उभारण्यात आली होती. तेथील पोलाद भट्टीत लोहरस व स्पंज लोह दोन्ही वापरता येतात. शिवाय कोक भट्ट्यांतून निघणारा हायड्रोजनयुक्त वायू प्रत्यक्ष क्षपणासाठी वापरण्यात येऊ लागला.

सद्यःस्थिती : भारत २००३ पासून स्पंज लोहाच्या उत्पादनात जगात आघाडीवर आहे, परंतु येथील बहुतेक उत्पादन फिरत्या भट्ट्यांत बिगर-कोकक्षम कोळशाने होते व त्यातून धूळ आणि कार्बन डाय-ऑक्साइड अधिक निर्माण होतात. झोतभट्टीच्या मार्गाने एक टन पोलाद करताना सु. २ टन कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो. नैसर्गिक वायू व विद्युत् भट्टी वापरल्यास हे प्रमाण बरेच कमी होते. केवळ हायड्रोजनाने क्षपण केल्यास भट्टीतून मुख्यत्वे वाफच निघते. स्वीडनमध्ये लूलिओ येथे २०२१ मध्ये असे स्पंज लोह प्रायोगिक प्रमाणावर तयार करण्यात आले. मात्र तो हायड्रोजन पाण्याच्या विद्युत् विच्छेदनाने मिळविण्यास पुष्कळ वीज लागते. ती कोळशापासून केलेली असेल, तर कार्बन डाय-ऑक्साइडाची निर्मिती टळत नाही, ती केवळ वीज केंद्राकडे सरकते. लाकडी कोळसा, कोक, नैसर्गिक वायू वा हायड्रोजन, क्षपणक कोणताही असो, तो कोठून व किती खर्चाने मिळतो यावरच लोहनिर्मितीचे स्थान व आयुष्य ठरत आले आहे.