कापसासाठी बांधलेला थळ घाट

कल्याणहून निघालेली लांब पल्ल्याची गाडी वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी मागे टाकते आणि कसाऱ्याला थांबते. हे थांबणे उतारूंसाठी नसते, मागे बँकर इंजिने लावायची असतात. शहापूर तालुक्यातल्या या टोकाच्या स्टेशनापासून इगतपुरीपर्यंत साधारण पंधरा किलोमीटरांत रूळ तीनशे मीटर वर जातात. हाच थळ घाट. सर्वांत तीव्र जागी दर ३७ फुटांना एक फूट चढ. पुढच्या इंजिनाला तो एकट्याने ओढवत नाही, म्हणून बँकर मागून रेटतात आणि इगतपुरीला सुटे होतात. उतरताना मात्र सगळी भिस्त ब्रेकवर. गाडी आवरली नाहीच, तर तिला उलट्या चढावर घालून थांबवायला कॅच सायडिंग ठेवलेली आहे.

घाटातले बोगदे आणि एहेगावचा सुमारे १८० फूट उंचीचा पूल पाहून लोक इंजिनियरांना दाद देतात. ती रास्तच आहे. पण एवढा खटाटोप कुणासाठी, हे फारसे कुणी विचारत नाही. वऱ्हाड-खानदेशचा कापूस घेऊन गाडी मुंबईच्या धक्क्याकडे उतरणार होती. हा मार्ग बांधणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जीआयपी) रेल्वेचा मूळ पुरस्कर्ता जॉन चॅपमन याने १८५१ साली हिंदुस्थानच्या कापसावर आणि व्यापारावर पुस्तकच लिहिले होते. इंग्लंडमधल्या लँकशायरच्या गिरण्यांना एकाच देशावर विसंबून राहण्याची धास्ती वाटत होती.

तो देश म्हणजे अमेरिका. १७९३ साली एली व्हिटनीने सरकी काढायचे यंत्र केले आणि आखूड धाग्याचा कापूस परवडू लागला. कापूस जमीन थकवतो. मळेवाले जॉर्जियातून अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना, टेक्सास असे पश्चिमेकडे सरकत गेले. १८३०च्या कायद्याने तिथल्या मूळ रहिवाशांना हुसकून जमीन मोकळी केली गेली. ती कसायला जुन्या राज्यांतून सुमारे दहा लाख गुलाम माणसे नेली, बरीचशी विकून, घरच्यांपासून तोडून. १७९० साली गुलामांची संख्या सात लाखांच्या आसपास होती, १८६० साली ती चाळीस लाखांच्या जवळ पोचली. ब्रिटनच्या गिरण्यांतला चार-पंचमांश कापूस त्यांच्या हातचा होता. ईस्ट इंडिया कंपनीने १८४० साली अमेरिकेतले दहा मळेवालेही इकडे आणून पाहिले. धारवाडकडे अमेरिकन बियाणे रुजले, बाकी प्रयोग बहुतेक फसले. चाबकाखालची शेती करवून घेणाऱ्यांना इथल्या रयतेची शेती काय कळणार!

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे हा घाट झाला, असे सांगतात. तारखांशी ते जुळत नाही. वासिंदपर्यंत गाडी १८५५ सालीच आली होती, कसाऱ्यापर्यंत जानेवारी १८६१ला. युद्ध पेटले त्याच वर्षी एप्रिलमध्ये. युद्धातल्या नाकेबंदीने तिकडचा कापूस अडला, मुंबईत भाव कडाडले, प्रेमचंद रायचंदांसारख्या सटोडियांनी पैसा खेळवला. पण थळ घाटातून कापूस त्या काळात रस्त्यानेच उतरत होता, बैलांच्या जिवावर. कसारा-इगतपुरी रूळमार्ग खुला झाला १ जानेवारी १८६५ला. चार महिने उलटतात न उलटतात तोच अमेरिकेतले युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईत पेढ्या बुडाल्या. सुगी सरली आणि गाडी पोचली. तरी १८६७ साली ती नागपूरला गेली आणि वऱ्हाडचा शेतकरी लिव्हरपूलच्या कापूस बाजारातल्या भावाला बांधला गेला.

कापसामागच्या त्या गुलामीची दखल इथेही घेतली गेली. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना. रूळांच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्या कातकरी-ठाकरांनी ते पुस्तक पाहिले असण्याचा संभव नाही. त्यांच्याकडे वेगळी रीत चालू होती. लग्नाला शेठकडून पैसे घ्यायचे आणि फिटेपर्यंत नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचे. अशा गड्याला म्हणत लग्नगडी. इथे लिलावात माणसाची बोली लागत नव्हती, म्हणून याला अमेरिकन गुलामी म्हणणे चूक ठरेल. पण कर्जाचा हिशेब लिहिणारा एक आणि अंगठा उठवणारा दुसरा असला, की कर्ज फिटायचे कसे? १९३०च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन या अधिकाऱ्याने सरकारला अहवाल देऊन आदिवासींची ही वेठ मांडली. वेठबिगारीवर बंदी घालणारा कायदा यायला १९७६ उजाडले. आजही पावसाळा सरला की शहापूर-मुरबाडची कातकरी कुटुंबे आगाऊ उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, आणि ती उचल अनेकदा हंगाम संपला तरी फिटत नाही.

मुरबाडला तर गाडीही आली नाही. शेजारून नाणेघाट चढतो. सातवाहनांच्या काळापासून तिथून व्यापार चालला, जकात भरायचा दगडी रांजणही अजून दाखवतात. पण जीआयपीने आखलेला रस्ता कापसाच्या मुलुखाकडे जाणारा होता आणि मुरबाडचे पीक भात. लोक अजून कल्याण-मुरबाड रेल्वेची वाट पाहत एसटीने जातात.