नोटेवरची चांदणी



ऊस लागण नोंदीसाठी आम्ही शिवारात फिरत असता एका सभासदाने वीस रुपयांची नोट पुढे केली. "साहेब, नंबरात चांदणी हाय. खोटी तर न्हाई?"

खोटी नव्हे! छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी घातलेली ही बदली नोट. १०, २० व ५० रुपयांत ही पद्धत २००६ साली सुरू झाली. ती बाजारात बिनघोर चालते; कोरी असल्यास छंदी संग्राहक थोडे जास्तही देतात.

मात्र 'लाखो मिळतील, आधी कमिशन पाठवा' असा फोन आला तर फसू नका. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली असाच इशारा दिला आहे. चांदणी जरूर जपा, पण उसाच्या बिलातला घामाचा रुपया तिच्यापायी घालवू नका.