मुदतीचा मास्तर

इथिओपियाच्या वोल्लो प्रांतातील देसे या गावी मी कराराने शिक्षकी करीत होतो, त्या काळी तिथल्या शिक्षककक्षात तीन मुलखांची माणसे बसत: इथिओपियन, हिंदी आणि अमेरिकन. हिंदी म्हणजे बहुतेक केरळीय. साताऱ्याकडचा माझ्यासारखा एखादाच, आणि नवा आलेला जो तो माझ्याशीही आधी मल्याळममध्येच बोलू लागे. आम्ही पगारासाठी आलो होतो आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नव्हते. अमेरिकन मात्र स्वयंसेवक होते. 1 मार्च 1961 रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी फर्मान काढून ‘पीस कोअर’ हे दल स्थापन केले, त्याची सुमारे 280 जणांची पहिली तुकडी सप्टेंबर 1962 मध्ये आदिस अबाबात उतरली, आणि ज्या देशाचा सम्राट शिक्षणखाते दीर्घकाळ स्वतःच्या हाती ठेवून होता त्या देशात माध्यमिक शिक्षकांची संख्या त्या एका खेपेने जवळजवळ दुप्पट झाली. नेमणूक दोन वर्षांची, निर्वाहापुरता भत्ता, शिवाय दरमहा 75 डॉलर स्वदेशी जमा होत, म्हणजे परतणाऱ्याच्या हाती अठराशे डॉलर पडत.

माझ्या शेजारी राहणाऱ्या तेवीस वर्षांच्या स्वयंसेवकाची मुदत जुलै 1967 मध्ये संपत होती. तिथल्या पंचांगाप्रमाणे ते साल 1959 होते. तेरा महिन्यांचे वर्ष आणि सूर्योदयापासून मोजलेले तास अंगवळणी पडेपर्यंत परदेशी माणसाचे पहिले सहा महिने निघून जातात. आमच्या सातला तिथे एक वाजतो. हा गृहस्थ आरंभी एका जेवणाच्या आमंत्रणाला सहा तास उशिरा पोहोचला, आणि यजमानीणबाईंनी त्याला निमूटपणे पुन्हा ताट वाढले.

सातव्या इयत्तेपासून सारे शिक्षण इंग्रजीतून. तोपर्यंत अम्हारिकमधून शिकलेली साठ साठ मुले बाकांवर दाटीने बसत आणि फळ्यावरचे प्रत्येक अक्षर वहीत उतरवून घेत, कारण पाठ्यपुस्तक चौघांत एक असे, आणि सरकारी परीक्षेत जे पाठ असेल तेच उपयोगी पडे. पहिल्या वर्षी त्याने वर्गात चर्चा घडवून आणण्याचा खटाटोप केला. मुलांनी अत्यंत विनयपूर्वक विचारले, ‘सर, टिपणे केव्हा देणार?’ बिचारा हिरमुसला. दुसऱ्या वर्षी टिपणे आधी देऊन उरलेल्या वीस मिनिटांत चर्चा करावी, एवढी तडजोड त्याला साधली आणि वर्ग बोलू लागला. पहिले वर्ष मुले मास्तराला शिकवतात, दुसरे वर्ष मास्तर मुलांना शिकवतो आणि शिकवणे जमू लागले की त्याची मुदत भरते, हा या योजनेतला दोष मला तेव्हाही जाणवे. त्याची लायकी जूनमध्ये सर्वांत अधिक होती, आणि जुलैत तो जाणार होता.

शेवटच्या तीन महिन्यांत दिवसाचा बराच भाग कागदपत्रांत जाई. वैद्यकीय तपासणी, सेवेचा अहवाल, घरमालकाची पावती. शिवाय स्वदेशी सैन्यभरतीच्या कार्यालयाकडून येणारी पत्रे, जी तो वाचून खिशात घाली आणि ज्यांविषयी कधी बोलत नसे. व्हिएतनामचे युद्ध पेटलेले होते. सायंकाळी निरोपाच्या भेटी. ओल्या गवताने सारवल्यासारखी झाकलेली जमीन, धुपाचा दरवळ, समोरच भाजून कुटलेली कॉफी, आणि तिच्या तीन फेऱ्या: अबोल, तोना, बरका. तिसरी घेतल्याखेरीज उठणे अशिष्टपणाचे; एका संध्याकाळी तीन घरे झाली की मनुष्य रात्रभर जागा. त्यावर तेफ नावाच्या खसखशीएवढ्या धान्याची इंजेरा, आपल्या आंबोळीची आंबट थोरली बहीणच ती, आणि झणझणीत वट. गावभर निलगिरीच्या लाकडांचा धूर पसरलेला असे. निलगिरीला तिथे ‘बाहर झाफ’ म्हणजे समुद्रापलीकडचे झाड म्हणतात. मेनेलिक सम्राटाच्या काळी परदेशातून आलेले हे झाड पुढे असे रुजले की त्याच्यावाचून तिथली चूल पेटत नाही.

त्याच्या घराच्या आवारात, स्वयंपाकाच्या खोपटात, एक विद्यार्थी राही. दोन दिवसांच्या वाटेवरील खेड्यातून शिकायला आलेली अशी मुले कित्येक स्वयंसेवकांकडे असत. पाणी भरणे, बाजारहाट करणे, आणि त्याच्या बदल्यात जेवण, वह्या व रॉकेलच्या दिव्याखाली अभ्यासाला जागा. त्याच्या जागी येणाऱ्या नव्या स्वयंसेवकासाठी मित्राने हवाली करावयाच्या वस्तूंची यादी केली: पाण्याची गाळणी, स्टोव्ह, दोन खुर्च्या, पुस्तकांची पेटी. ती यादी त्याने मला दाखवली. मी विचारले, ‘आणि पोरगा?’ तो बराच वेळ गप्प बसला. यादीत त्याला लिहिणे अपमानाचे आणि न लिहिणे त्याहून वाईट, हे त्यालाही कळत होते. पुढे पत्र आले की नव्या स्वयंसेवकाची नेमणूक दुसऱ्याच गावी झाली आहे. पुस्तकांची पेटी शाळेला गेली, स्टोव्ह विकला, आणि गाळणीसह मुलगा माझ्याकडे आला.

बस पहाटे निघायची होती, म्हणजे तिथल्या घड्याळाने बारा वाजता. पावसाळा सुरू झाला होता. इटालियनांनी बांधलेला तो रस्ता तेर्माबेरच्या घाटातल्या बोगद्यातून आदिस अबाबाकडे जातो. दरड कोसळली तर प्रवास दोन दिवसांचा होई, म्हणून आयाबायांनी त्याच्या मांडीवर भाकऱ्यांची गाठोडी ठेवली. चाळीसेक मुले चिखलात उभी होती. कोणी रडले नाही. दर दोन वर्षांनी मास्तर जातो, हे त्यांना त्यांच्या मास्तरापेक्षा अधिक ठाऊक होते.

त्या रात्री मुलाने आपली पत्र्याची पेटी माझ्या खोपटात मांडली, गाळणी भरली, आणि दिवा पुसता पुसता सहज विचारले, ‘सर, आपला करार कधी संपतो?’ मी सांगितले, 7 जुलै 1969. त्याने बोटांवर थोडा हिशेब केला आणि दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिले: सेने 30, 1961.